दिवाळीनंतरचा वासोटा: बोट आठला सुटत नसेल तर जाऊ नका

'दीड तासाचा सोपा ट्रेक, सगळी वाट सावलीतली, गडावर जेवण, सूर्यास्ताला परत.' ट्रेक विकणाऱ्यांच्या जाहिरातीत हे असं छापलेलं असतं. सावलीचं बऱ्यापैकी खरं आहे, दीड तास चालणाऱ्यावर अवलंबून आहे, आणि 'सूर्यास्ताला परत' हा शुद्ध मूर्खपणा आहे. वासोटा किल्ला कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या पश्चिमेला आहे आणि चढायची वाट गडाच्या पूर्व अंगाला. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, पण या वाटेपुरता तो साडेचारलाच डोंगराआड जातो. पाच वाजता पलीकडच्या बामणोलीच्या (बोट सुटते ते गाव) काठावर लख्ख ऊन असतं आणि इकडे रानात पायाखालचा दगड दिसत नाही.

पावसाळ्यात हा भाग बंद असतो आणि साधारण ऑक्टोबरच्या मध्यानंतर उघडतो. निघण्याआधी वनखात्याकडे चौकशी कराच. उघडल्यानंतरचे पहिले पाच-सहा आठवडे सगळ्यात देखणे आणि सगळ्यात अडचणीचे. ओढे वाहते, गवत पुरुषभर, कारवीची झुडपं दोन्ही बाजूंनी वाटेवर झुकलेली. जलाशय तुडुंब असल्यामुळे बोट मात्र पार गडाच्या पायथ्याच्या मेट इंदवलीजवळ लागते. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की तेवढं जास्त चालावं लागतं.

आता वेळेचा हिशेब. बामणोलीहून आठची बोट सव्वानऊ-साडेनऊला पलीकडे लागते. नोंदणी, सामानाची तपासणी, प्लास्टिकच्या बाटल्यांची मोजणी यात अर्धा तास जातो (स्टीलच्या बाटल्या आणा, मोजणीची कटकट वाचते). दहाला चालायला लागलं की बाराला वर. कोयनेची पूर्ण पातळी २१६३ फूट, म्हणजे जवळपास ६६० मीटर. गड ११७१ मीटर. म्हणजे सलग पाचशे मीटरचा चढ आहे, तो दमटपणासकट दोन तासांचा धरा. वर दीड तास, उतरायला पावणेदोन, सव्वातीनला बोटीत. असा दिवस मस्त जातो.

आमच्या आयोजकांनी बोट भरण्यासाठी माणसांची वाट बघत सव्वादहा वाजवले. पुढचं सगळं तेवढंच सरकलं आणि उतरताना खालच्या ओढ्याशी पोचेपर्यंत साडेपाच झाले. ज्याबद्दल लिहायला बसलो तो टप्पा हाच.

ओढ्याच्या वरचा हा तुकडा जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचा. वाट एका माणसाच्या रुंदीची, वळणावळणाची, आणि कारवीमुळे पुढचं दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. खाली ओढा खळाळत असतो. खरी गोम त्या आवाजात आहे. जनावराला तुमची चाहूल लागत नाही आणि तुम्हाला त्याची. तिन्हीसांजेला गवे पाण्यावर येतात ते अशाच जागी. जंगलातले बहुतेक अपघात जनावर अंगावर चाल करून येतं म्हणून होत नाहीत, दोघं अचानक समोरासमोर येतात म्हणून होतात. सकाळी हाच तुकडा चढताना कुणाच्या लक्षातही येत नाही.

चालताना शेणाकडे बघा. गव्याचा पो गाईच्या शेणासारखाच पण मोठा. वरचा पापुद्रा ओला चकचकीत असेल आणि माश्या बसायला लागल्या असतील तर कळप फार लांब नाही. वारा समोरून असेल तर गोठ्यासारखा वास आधी येतो. तसं काही जाणवलं की थांबा आणि मोठ्यानं बोला. शिट्ट्या, किंचाळणं, मोबाइलवरची गाणी नकोत, नेहमीचं खड्या आवाजातलं बोलणं पुरतं. बहुतेक वेळा कारवी मोडल्याचा कडकडाट होतो आणि कळप निघून जातो. एकटा नर मात्र हलतोच असं नाही. तो नाकातून फुस्स करतो, आडवा उभा राहून अंग दाखवतो. ते सातशे-आठशे किलोंचं धूड 'फोटोसाठी उभं राहिलंय' असं ज्यांना वाटतं त्यांनी घरीच बसावं. पाठ न दाखवता मागे सरका, जाड बुंध्याच्या आड जा, त्याला निघायला वाट मोकळी ठेवा. गाय आणि वासरू यांच्या मधे चुकूनही जाऊ नका.

अस्वलाचं गणित वेगळं. त्याची नजर बेताची आणि वाळवी उकरताना ते स्वतःच्याच नादात असतं. फोडलेली वारुळं, तासलेली ताजी माती दिसली की बोलण्याचा आवाज वाढवा. जवळून गाठ पडलीच तर पळू नका, ते माणसापेक्षा वेगात धावतं. अंगावर आलंच तर पालथं पडून दोन्ही हात मानेमागे गुंफायचे, सॅक पाठीवर राहू द्यायची. त्याचा रोख चेहऱ्यावर आणि डोक्यावर असतो.

बिबट्याबद्दल सगळे विचारतात. तो तुम्हाला बघून निघून जातो, एवढंच. लहान मुलं मोठ्यांच्या मधे चालवा. हे रान ज्यात येतं त्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात २०१८ साली आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये वाघ कॅमेऱ्यात आला होता. तो दिसेल या आशेनं किंवा भीतीनं या वाटेवर येण्यात अर्थ नाही.

चढताना जंगल संपलं की वाळत चाललेलं गवत आणि उघडा चढ लागतो. इथे ऑक्टोबरचं ऊन टाळूवर येतं. माणशी तीन लिटर पाणी खालूनच घ्या. गडावरच्या टाक्यांचं पाणी गाळून, गोळी टाकूनच प्या.

वर मारुती, महादेवाचं देऊळ, वाड्याचे अवशेष, चुन्याचा घाणा. सगळं नीट बघा. पण बाबुकड्यावर, म्हणजे गडाच्या तुटलेल्या कड्यावर, गेलात की तोंड बंद. या कड्यांना आग्या मोहोळं लागतात आणि वरून ती दिसत नाहीत, कारण ती तुमच्या पायाखालच्या कपारीत लटकलेली असतात. इथे येऊन लोक काय करतात? आरोळ्या ठोकतात, दरीत दगड भिरकावतात, घामाचा वास जावा म्हणून डिओडरंट मारतात. एक दगड पोळ्याला लागला की संपलं. या वाटेवर गव्यापेक्षा मला माश्यांची भीती जास्त वाटते.

पहिली माशी चावली की ती हातानं मारू नका. डंखाबरोबर पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, आणि तो बाकीच्या माश्यांना बोलावतो. आधी कड्याच्या कडेपासून मागे या, कारण घाबरून पळताना दरीत जाणं चावण्यापेक्षा वाईट. मग तोंड-डोकं कापडानं झाका आणि सरळ दाट झाडीत शिरा, थांबू नका. टाक्यात उडी मारली तर माश्या वर घिरट्या घालत राहतात. लांब गेल्यावर काटे लगेच काढा, नखानं खरवडलेत तरी चालेल, उशीर नको. अंगभर गांधी, ओठ सुजणं, दम लागणं यातलं काहीही दिसलं तर तो माणूस आधी खाली.

'आधी खाली' म्हणजे काय ते समजून घ्या. वाटेवर मोबाइलला रेंज धरून चालू नका. उतरणं, मग तास-सव्वातास बोट, मग काससमार्गे साताऱ्यापर्यंत पस्तीसेक किलोमीटर घाट. साप चावला तरी हाच रस्ता. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही, आवळपट्टी नाही, चिरा नाहीत, माणसाला चालवायचं नाही. आपल्याकडचं सर्पविषावरचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. ओढ्याकाठच्या फांदीवर बसणारा हिरवा चापडा हा विषारी साप त्यात नाही. म्हणून हिरव्या फांदीला धरून ओढा ओलांडण्याची सवय मोडा, काठी आणा. बॅटरी (टॉर्च) तर माणशी एक, परतीची वेळ कितीही लवकरची असो.

पैशांचं. बोटीचं भाडं अख्ख्या बोटीचं असतं, डोक्यामागे नसतं. आयोजक डोक्यामागे घेतात, वर प्रवेश, वाटाड्या, कॅमेरा वेगळं लावतात. त्यांच्या आकड्याला बोटीतल्या डोक्यांनी गुणा आणि काठावर दर विचारून ताडून बघा, तफावत तिथेच कळते. थांबण्याचे तास भाड्यात किती, हे बसण्याआधी ठरवा. परतीला नावाडी घाई करतो तो बरोबर करतो, त्याच्याशी भांडू नका. गडावर मुक्कामाला परवानगी नाही. आणि 'त्याच दिवशी नागेश्वरही (पुढच्या डोंगरातलं गुहेतलं देऊळ) करून देतो' म्हणणाऱ्याला नोव्हेंबरात सरळ नाही म्हणा, दिवस तेवढा मोठा नाही.

बोटीचा प्रवास, कासचा रस्ता छान आहे. त्याचे फोटो सगळीकडे मिळतात.

जळवा ऑक्टोबरअखेरपर्यंत ओढ्याच्या पाचोळ्यात असतात. पँट मोज्यात खोचा, मोज्यांना तंबाखूचं पाणी लावा. लागली तर खेचू नका, नखानं तोंडाकडून सरकवा. रक्त बराच वेळ वाहतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गवतात मात्र बसू नका, लोळू तर नकाच. घरी गेल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागे नीट बघा. सहा ते एकवीस दिवसांत ताप भरला आणि कुठे सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना जंगलात जाऊन आल्याचं सांगा. तो स्क्रब टायफस, म्हणजे गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा ताप, असू शकतो. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकानं बरा होतो, पण खपली न दाखवता नुसत्या तापाच्या गोळ्या खात बसलात तर आठवडा फुकट जातो.