स्विच लावायची घाई नको: खाडीकाठच्या हवेतली जुनी युनिक्स वर्कस्टेशन्स

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एखाद्या कंपनीचं स्टोअर रिकामं होतंय आणि कोपऱ्यात सनचं स्पार्कस्टेशन किंवा सिलिकॉन ग्राफिक्सचं इंडी असं युनिक्स प्रणालीवर चालणारं, इंजिनिअरांच्या कामाचं ताकदवान संगणक-यंत्र पडलंय असं कळलं, की पहिला मोह होतो तो वायर लावून बघण्याचा. तो आवरा. खाडीच्या हवेत तीस वर्षं काढलेलं मशीन वयापेक्षा दमटपणाने जास्त खराब झालेलं असतं, आणि दुरुस्त होण्याजोगे बरेच दोष पहिल्यांदा वीज दिल्यावर कायमचे होतात.

त्याआधी कागदाचं काम. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या कंपन्यांना आपला ई-कचरा नोंदणीकृत संस्थांकडेच द्यावा लागतो. म्हणून यंत्र भंगाराच्या यादीत जाण्याआधीच ते चालू करून जतन करण्यासाठी देत असल्याचं पत्र कंपनीकडून घ्या, आणि डिस्कवरच्या माहितीचं काय करायचं तेही त्यात लिहून घ्या. एकदा माल भंगारवाल्याच्या काट्यावर चढला की रॅम आणि बोर्ड वेगळे होतात, मग हाती फक्त पत्रा लागतो. उचलताना कीबोर्ड, माउस, मॉनिटरची १३डब्ल्यू३ केबल आणि नेटवर्कची तार जोडणारा ट्रान्सीव्हर मागायला विसरू नका. सनच्या जुन्या ऑप्टिकल माउसला जाळीदार रेघांचं धातूचं पॅड लागतंच, साध्या टेबलावर तो चालत नाही. हे पॅड कुणाला ओळखू येत नाही आणि तेच आधी फेकलं जातं.

घरी आणल्यावर झाकण उघडून मशीन घट्ट झाकणाच्या मोठ्या प्लास्टिक पेटीत ठेवा. सोबत किलोभर सिलिका जेल आणि एक साधा आर्द्रतामापक. जुलैत आपल्याकडची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते. पेटीतला आकडा पन्नासच्या खाली येऊन दोन-तीन दिवस तिथेच राहिला की यंत्र कोरडं झालं समजा. नारिंगी जेल हिरवी झाली की १२० अंशांवर दोन-तीन तास भाजून पुन्हा वापरता येते. एसीच्या खोलीतून थेट बाहेर नेलं की बोर्डवर दव धरतं, त्यामुळे जागा बदलल्यावर काही तास तसंच राहू द्या.

पॉवर सप्लाय सुटा काढून तपासा. ११५/२३० व्होल्टचा स्विच असेल तर तो आधी बघा. ऐंशीच्या दशकातल्या यंत्रांत मेन्सच्या फिल्टरवर पिवळसर पारदर्शक आवरणाचे रिफाचे कागदी कपॅसिटर असतात. आवरणाला बारीक भेगा पडतात, कागद हवेतला ओलावा ओढतो आणि वीज दिल्यावर काही मिनिटांत कोंदट, दाट धूर निघतो. ते चांगले दिसले तरी काढाच. तितक्याच मायक्रोफॅरडचा, एक्स२ (मेन्सवर लावण्याजोग्या) दर्जाचा, पॉलिप्रॉपिलीनचा कपॅसिटर बसवा. सप्लाय नुकताच बंद केला असेल तर मुख्य फिल्टर कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत दाब असतो. २.२ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लावून तो उतरवा आणि मीटरने खात्री करा. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडू नका.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुगलेच पाहिजेत असं नाही. सनच्या आयपीसी, आयपीएक्ससारख्या छोट्या डब्यांच्या सप्लायमध्ये ते खालून पाझरतात, आणि सोल्डरिंग आयर्न टेकवलं की माशासारखा वास येतो. असा वास आला की त्या सप्लायमधले सगळे बदला, एकच बदलून भागत नाही. १०५ अंश सेल्सियसचे, लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेल्या) प्रकारचे घ्या, अधिकृत वितरकाकडून. लॅमिंग्टन रोडवर बाकी पुष्कळ सामान चांगलं मिळतं, पण कपॅसिटरच्या बाबतीत नकली मालाची जोखीम घेण्यात अर्थ नाही.

नंतर टीव्ही मेकॅनिक वापरतात तसा १०० वॅटचा सिरीज बल्ब लावून, हलक्या लोडवर पहिली चाचणी. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक; भकभकीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. त्यानंतर बल्ब काढून पूर्ण लोड द्या: ५ व्होल्टच्या लाइनवर १ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर, १२ व्होल्टवर गाडीचा छोटा दिवा. अर्ध्या तासानंतरही ५ व्होल्टची लाइन ४.७५ ते ५.२५ च्या आत आणि रिपल (दाबातला चढउतार) ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तरच बोर्ड जोडा. लोडशिवाय घेतलेल्या मापावर विसंबू नका, कारण खराब सप्लायही रिकामा असताना बरोबर आकडा दाखवतो.

बोर्डवर निकेल-कॅडमियम बॅटरी फुटलेली असेल तर तिचा हिरवट-पांढरा थर अल्कलीचा असतो. कापसाच्या काडीने साधं व्हिनेगर, मग डिस्टिल्ड पाणी, मग ९९ टक्के आयसोप्रॉपिल अल्कोहोल. व्हिनेगर तसंच सोडलं तर तेही तांबं खातं.

आता सनच्या यंत्रांचं हमखास दुखणं. घड्याळ, सेटिंग आणि मशीनची ओळख एका चिपमध्ये असते: आयपीसी-आयपीएक्समध्ये एम४८टी०२, स्पार्कस्टेशन ५ आणि २० मध्ये एम४८टी०८. तिच्या काळ्या टोपीत लिथियम सेल कायमचा बंद केलेला आहे. तो संपला की पडद्यावर आयडीप्रॉम (मशीनच्या ओळखीची नोंद) अवैध असल्याचा संदेश येतो, नेटवर्कचा पत्ता सगळा एफएफ दिसतो, आणि अनेकांना बोर्डच गेला असं वाटतं. बोर्ड बहुधा ठणठणीत असतो. 'नवी' म्हणून विकली जाणारी चिप पुष्कळदा जुन्या बोर्डवरून काढलेली असते, म्हणून आहे तीच सुधारणं आम्हाला बरं वाटतं. स्टिकरचा फोटो काढून ठेवा, टोपीच्या कडेचं रेझिन कानशीने हळूहळू झिजवा, सेलकडे जाणारे दोन्ही धातूचे दुवे उघडे करा. जुना सेल दोन्हींकडून पूर्ण तोडायचा, नाहीतर तो नव्या सेलचाही प्रवाह ओढतो. मग होल्डरसह सीआर२०३२ जोडा. मास्क लावा, तो धूर आणि धूळ अंगाला चांगली नाही.

त्यानंतर ओके प्रॉम्प्टवर (युनिक्स सुरू होण्याआधी मशीन थेट आज्ञा घेतं तिथे) आधी सेट-डिफॉल्ट्स, मग एमकेपी आज्ञेने १६ बाइट भरायचे. क्रम असा: किंमत, जागा, एमकेपी, सगळे आकडे षोडशमान (हेक्स). पहिला बाइट ०१. दुसरा मशीनचा प्रकार: आयपीएक्सला ५७, स्पार्कस्टेशन २० ला ७२, ५ ला ८०. पुढचे सहा इथरनेटचा पत्ता, ज्यातले पहिले तीन ०८:००:२० हे सनचे. मग तारखेचे चार, ते शून्य ठेवले तरी चालतं. मग होस्ट आयडीचे तीन, आणि शेवटचा बाइट म्हणजे आधीच्या पंधरा बाइटांवरून एक्सऑर क्रियेने काढलेला तपासणीचा आकडा. तो चुकला तर बाकी सगळं बरोबर असूनही संदेश जात नाही. इंडीत हेच काम डॅलसची डीएस१३८६ चिप करते. तिथला पत्ता ०८:००:६९ ने सुरू होतो.

डिस्क जुनी असेल तर तिची प्रत काढा आणि तिला निवृत्त करा. क्वांटमच्या त्या काळातल्या काही ड्राइव्हमध्ये आतल्या रबरी ठोकळ्यांचा चिकट गोळा होतो आणि हेड अडकतं. तिच्या जागी एसडी कार्डवर चालणारा ब्लूस्कझी किंवा झुलूस्कझी बोर्ड लावला की आवाज जातो, उष्णताही कमी होते. सनमध्ये आतली डिस्क स्कझी आयडी (जोडणीवरचा क्रमांक) ३ वर आणि सीडी ६ वर ठेवा. सीडी-रॉमला ५१२ बाइटचा ब्लॉक देता आला पाहिजे. साधा पीसीचा ड्राइव्ह २०४८ चा ब्लॉक देतो, म्हणून इन्स्टॉलेशन सुरूच होत नाही. आयपीएक्सच्या काळातल्या यंत्रांत रूट पार्टिशन डिस्कच्या पहिल्या १ जीबीत बसवा. आयपीएक्सला सनओएस ४.१.४ शोभतं, तिथे सोलारिस (सनची पुढची युनिक्स प्रणाली) ७ च्या पुढे जाताच येत नाही. स्पार्कस्टेशन ५ वर सोलारिस ९ चढतं, पण २.६ वर ते जास्त मोकळं चालतं.

पोर्टेबल यंत्रांत सप्लायइतकाच पडदा नाजूक. एलसीडीच्या पोलरायझर (प्रकाशाची दिशा गाळणाऱ्या) फिल्मला ओलावा लागला की ती कुजते, कडेपासून तपकिरी डाग पसरतात आणि व्हिनेगरचा वास येतो. त्या वाफेने शेजारचे पडदेही बिघडू शकतात, म्हणून असं यंत्र लगेच वेगळ्या पेटीत ठेवा. फिल्म सोलण्याआधी पोलराइज्ड गॉगलमधून बघून तिची दिशा काचेवर खुणेने लिहून ठेवा, नाहीतर नवी फिल्म लावल्यावर चित्र उलटं, म्हणजे काळ्याचं पांढरं दिसतं. तोशिबा टी३१०० च्या नारिंगी प्लाझ्मा पडद्याला हा रोग नाही, मात्र तिथे उच्च दाब आहे. १९८३ च्या कॉम्पॅक पोर्टेबलचा कीबोर्ड मुका वाटला तर चिप शोधत बसू नका. बटणांखालच्या फोमच्या चकत्या विरलेल्या असतात. सगळ्या बदलल्या की तो बोलतो. पिवळं पडलेलं प्लास्टिक पेरॉक्साइडने उजळायच्या भानगडीत आम्ही पडत नाही. रंग पुन्हा पिवळा होतो आणि आधीच ठिसूळ झालेल्या ओ२ किंवा इंडिगो२ च्या कवचाला आणखी धोका कशाला?

चालू झालेली यंत्रं लोकांना दाखवायची तर प्रदर्शन नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा. गणपतीत मंडळाकडून मांडवात जागा मिळाली तरी यंत्रांसाठी ती नम्रपणे नाकारावी: ओली हवा, धूप, आणि तात्पुरती वायरिंग. हॉल कुठलाही असो, आदल्या दिवशी मीटर घेऊन जा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ यांचं माप जवळपास सारखं हवं, न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर ती लाइन वापरू नका. सन आणि सिलिकॉन ग्राफिक्सच्या १३डब्ल्यू३ मध्ये सिंकच्या (चित्र जुळवणाऱ्या संकेताच्या) पिना वेगळ्या आहेत, अडॅप्टरवर नावाची चिठ्ठी चिकटवाच. सनचं चित्र बहुधा ११५२ बाय ९०० असतं. पुष्कळ नव्या एलसीडींना हिरव्या रंगाच्या तारेतून येणारा सिंक कळत नाही, म्हणून मॉनिटर घरीच जुळवून न्या.

मुलांना कीबोर्डला हात लावू द्या, त्यासाठीच तर हे सगळं. पण स्टॉप-ए दाबलं की सनची यंत्रणा जागच्या जागी थांबते, सोलारिस २.६ पासून केबीडी आज्ञेने ते बंद करता येतं. मशीन चालू असताना कीबोर्ड उपटू नका, लावूही नका: यंत्र थांबतं, आणि कीबोर्डची फ्यूज उडण्याची भीती असते. पाहुण्यांचं खातं वेगळं, एसडी कार्डाच्या दोन तयार प्रती खिशात. हॉलच्या वायफायला यातलं काही जोडायचं नाही. त्याऐवजी दोन यंत्रं पातळ कोअॅक्सने जोडा आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर लावा. एक टर्मिनेटर काढायला सांगा. सगळं नेटवर्क थांबतं, परत लावलं की सुरू होतं, आणि मुलं पुढचा प्रश्न स्वतःच विचारतात.

शेजारची पाटी मराठीत आणि मोठ्या अक्षरात असावी, त्यावर प्रोसेसरच्या वेगापेक्षा कामाबद्दल लिहा. जगातला पहिला वेब सर्व्हर १९९० मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधन केंद्रात, नेक्स्ट कंपनीच्या यंत्रावर चालला. आपल्याकडे व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने सामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू केलं. त्या पाच वर्षांत विकली गेलेली यंत्रं समोरच चालू असतात, तेव्हा तारखा लोकांच्या लक्षात राहतात.

आणि संध्याकाळी उठताना थेट बटण दाबायचं नाही. आधी सिंक आज्ञा (डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून घेणारी), मग हॉल्ट, ओके प्रॉम्प्ट दिसला की वीज बंद.