गेरूवरचं काँक्रीट

सोळा वर्षं झाली, ऑक्टोबरात भूशास्त्राची दुसऱ्या वर्षाची मुलं घेऊन मी सोलापूरहून येडशीच्या रामलिंग अभयारण्यात जातो. हातोडे, होकायंत्रं, शेंगाचटणी-भाकरीचे डबे. रामलिंगच्या दरीत ओढ्यानं कापलेले बेसॉल्टचे, म्हणजे निवलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडाचे, थर आहेतच, पण माझा खरा वर्ग त्याआधी भरतो. बालाघाटचा डोंगर चढताना रस्त्यासाठी डोंगर कापलाय, तिथं काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये हातभर जाडीचा विटकरी पट्टा आहे. होता.

6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला हे मुलांना पाठ असतं. तो थांबून थांबून आला, हे मात्र त्या पट्ट्यापुढं उभं राहिल्याशिवाय पटत नाही. एक थर निवला, उन्हापावसानं त्याची माती झाली. मग वरून नवा लाव्हा आला आणि ती माती विटेसारखी भाजून निघाली. पुस्तकात तिला लाल बोल म्हणतात. विहीर खोदणारे गेरू म्हणतात. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, गेरू हे विहिरीत लागणाऱ्या थरांचे शब्द शेतकऱ्यांची पोरं माझ्याआधी सांगतात, तेव्हा फार बरं वाटतं.

या वर्षी बस थांबली तर सगळी भिंत राखाडी. जाळी मारून काँक्रीट फवारलेलं. आधी संताप आला. पण काम चुकीचं होतं असं म्हणता येणार नाही. गेरू भिजला की फुगतो, झिजून आत जातो, वरचा कातळ अधांतरी राहतो आणि एक दिवस रस्त्यावर येतो. "त्याच्याखाली उभं राहू नका," हे मीच दरवर्षी ओरडून सांगायचो.

मुलं पांगली. तुळजापूर तालुक्यातली एक मुलगी तेवढी भिंतीपाशी थांबली. तिचे वडील बोअर मारतात. म्हणाली, "सर, पाणी कुठनं निघणार ओ?"

मी वरपासून खालपर्यंत पाहिलं. पाणी काढून द्यायला एकही पाइप नव्हता. वरच्या कातळाच्या भेगांतून झिरपलेलं पाणी गेरूवर अडतं, कारण चिकणमाती त्याला खाली जाऊ देत नाही. मग ते आडवं सरकत बाहेर येतं. दर ऑक्टोबरात इथं बोटभर धार असायची, खाली शेवाळ. आता त्याच उंचीवर काँक्रीट ओलं, चुन्याचे पांढरे ओघळ आणि परातीएवढा फुगवटा. पलीकडं काम करणाऱ्या मुकादमाला दाखवलं. त्यानं नीट पाहिलं, हात लावला. "सर, ड्रॉइंग वरनं येतंय," म्हणाला. त्याच्यावर माझा राग नाही. ज्यानं ड्रॉइंग काढलं त्यानं एक पावसाळा इथं येऊन पाहायला हवं होतं.

रामलिंगला धबधबा जोरात होता. मी शिकवलं, पण मन त्या ओल्या डागावर.

घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. सोळा ऑक्टोबरांच्या नोंदी, धार किती, कुठून, तारखेसह. रस्त्याचं काम निघणार हे मला दोन वर्षं आधी माहीत होतं. या वह्या कुणाला नेऊन दाखवाव्यात हे एकदाही सुचलं नाही. मुलांना शिकवलं की माझं काम संपलं, असंच मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी नोंदी जोडून अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर नाही. ती मुलगी गावाकडं जाता-येता तिथं उतरते. काल तिचा फोटो आला. फुगवट्यावर आडवी भेग, शेजारी पट्टी धरलेली. चार मिलिमीटर. दिवाळीआधी तीन होती.