न जाणवणारा करंट आणि सात सेंटिमीटरचा वण

माझ्या उजव्या मनगटावर, तळहाताच्या बाजूला, सात सेंटिमीटरचा वण आहे. मनगट मागे वाकवलं की त्याच्या बरोबर मधोमध खळी पडते. गालावर पडली असती तर कोणी कौतुक केलं असतं. इथे तिचा अर्थ एवढाच, की वरची कातडी आतल्या टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीला, चिकटली आहे आणि टेंडन सरकला की तो तिलाही ओढून नेतो.

हाड मोडलं, प्लेट बसली, टाके निघाले. एक्स-रे बघून सर्जन म्हणाले, ‘छान जुळलंय.’ जुळलं होतंच. तरी दीड वर्षानंतरही कुलपात किल्ली फिरवली की कळ थेट अंगठ्यापर्यंत जायची आणि नुसती बाही घासली तरी अंगावर काटा यायचा. मी मुद्रितशोधन करते, म्हणजे दिवसभर मनगट टेबलाच्या कडेवर. कडेला घडी घातलेला रुमाल ठेवून काम रेटत होते.

मायक्रोकरंटचं, म्हणजे जाणवणारही नाही इतका बारीक करंट देऊन करायच्या उपचाराचं, नाव पहिल्यांदा ऐकलं ते एका ठिकाणच्या भिंतीवरच्या चित्रामुळे. हसऱ्या पेशीच्या पोटात भरलेली बॅटरी, रडक्या पेशीच्या पोटात रिकामी. तिथले गृहस्थ म्हणाले, ‘दहा सेशन घ्या, वण विरघळून जाईल.’ मी परत गेले नाही. वण म्हणजे काही साखरेचा खडा नव्हे. चांगल्या कातडीत कोलॅजनचे धागे टोपलीसारखे उलटसुलट विणलेले असतात. जखम भरताना शरीर घाईत असतं, ते धागे एकाच दिशेला ओळीने टाकून मोकळं होतं. पुढे वर्षभर, कधी जास्तही, त्यांची फेरजुळणी चालते, पण ती पहिली वीण परत येत नाही. ताकदसुद्धा मूळ कातडीच्या फार तर ८० टक्क्यांपर्यंत पोचते.

दुसऱ्या ठिकाणची फिजिओ माझ्या मुलीच्या वयाची. मला काकू म्हणते आणि आश्वासनं देत नाही. आधी फॉर्म भरून घेतला: पेसमेकर? फिट येतात? कॅन्सर? गरोदर? (शेवटच्या प्रश्नाला दोघी हसलो.) मी प्लेटचं विचारलं. शॉर्टवेव्ह डायथर्मीला, म्हणजे मशीनने आतपर्यंत दिलेल्या शेकाला, आत धातू चालत नाही, तो तापतो; इथे करंट इतका कमी, की तापण्याचा प्रश्न येत नाही, असं ती म्हणाली. तरीही सर्जनना विचारायला लावलंच.

टेन्सचं मशीन, म्हणजे दुखणं कमी करायला कातडीवरून करंट देणारं, मी आधी घेतलं होतं. त्यात झिणझिण्या येतात, कारण करंट मिलिअँपियरमध्ये असतो आणि त्या संवेदनेने मज्जारज्जूच्या दारातच वेदनेची वाट अडवायची, अशी त्यामागची कल्पना. हा ‘गेट कंट्रोल’ सिद्धान्त मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ साली मांडला. मायक्रोकरंट मिलिअँपियरच्या हजाराव्या भागात, म्हणजे मायक्रोअँपियरमध्ये मोजतात. फिजिओने १०० मायक्रोअँपियर लावला, वणाच्या दोन्ही अंगांना जेलचे पॅड चिकटवले आणि मी वाट बघत बसले. काहीच नाही. ‘अगं, चालू कर ना.’ ‘काकू, पाच मिनिटं झाली. दिवा बघा.’

एवढ्याशा करंटने काही व्हावं असं कोणाला का वाटावं? कारण जखमेला स्वतःचाच करंट असतो. १८४३ साली एमिल दु ब्वा-रेमाँ या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने स्वतःचं बोट कापून तो मोजला होता. तोही मायक्रोअँपियरमधलाच. १९८२ साली उंदराच्या कातडीच्या तुकड्यांवर प्रयोग झाला. काहीशे मायक्रोअँपियरला पेशींचं इंधन, म्हणजे एटीपी, कित्येक पटींनी वाढलं आणि १ मिलिअँपियरच्या पुढे ती वाढ ओसरत गेली. त्या भिंतीवरची बॅटरी इथूनच आली असावी. पण शरीराबाहेर काढलेली उंदराची कातडी कुठे आणि माझं मनगट कुठे! माणसांवरचे प्रयोग बहुतेक लहान आहेत आणि त्यांचे निकाल एका सुरात बोलत नाहीत.

मी वही ठेवली होती. आधी दुखणं किती, नंतर किती, दहापैकी. चौथ्या दिवशी लिहिलं: ‘६ वरून ३. आज फार हलकं वाटतंय.’ उठताना बघितलं तर एका पॅडची वायर सुटून खाली लोंबत होती. कधीपासून, देव जाणे.

मला त्या वायरचा राग आला आणि मग झोप उडाली. पुढच्या खेपेला मीच म्हटलं, आपण परीक्षा घेऊ. बारा सेशन. तू नाणं उडव, छापा आला तर मशीन चालू, काटा आला तर बंद. दिव्यावर टॉवेल टाक, चिठ्ठीवर लिही आणि पाकिटात ठेव. तिला हे मनापासून आवडलं. मी दर वेळी तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न करायची, ती मख्ख.

पाकीट उघडलं तेव्हा सात दिवस चालू, पाच दिवस बंद. चालूच्या सात दिवसांत दुखणं एकूण १० अंकांनी उतरलं होतं, बंदच्या पाच दिवसांत ६ अंकांनी. म्हणजे रोजचा फरक पाव अंकाच्या आत. चालू की बंद हा माझा अंदाज बारापैकी सहा वेळा बरोबर.

वणाचं मात्र अशा परीक्षेत काही कळत नाही, हे आम्हाला मागाहून सुचलं. दुखणं दिवसागणिक चढतं-उतरतं. कातडी आज सैल झाली तर उद्या सैलच राहणार, मग श्रेय कोणत्या दिवसाला द्यायचं? शिवाय दर वेळी ती वीस मिनिटं संपली की फिजिओ अंगठ्याने वण चोळायची, आधी कडेने, मग आडवा, मग चिमटीत धरून. सुरुवातीला मी हात मागे घ्यायची. वीस मिनिटं कोणी हाताला काही करत नाहीये, नुसता उशीवर पडलाय, एवढ्यानेच बहुधा तो पुढच्या चोळण्याला तयार व्हायचा. रात्री सिलिकॉनची पट्टीही लावत होतेच.

आता खळी उथळ झाली आहे. वरच्या टोकाची कातडी चिमटीत येते, तळहाताकडच्या दीड सेंटिमीटरमध्ये अजून येत नाही. किल्ली फिरवताना कळ येते, पण मनगटाशीच थांबते.

परवा फिजिओने विचारलं, ‘काकू, मशीन लावू की थेट मसाज?’

‘लाव,’ म्हटलं, ‘पण दिव्यावर टॉवेल नको.’