तुम्ही विचारलंत म्हणून: चिनी कम्युनिस्ट एकमेकांशी भांडत कशावरून होते?

गडचिरोलीच्या बातमीत ‘माओवादी’ शब्द वाचला की हा प्रश्न हमखास येतो: चीनमधले सगळे कम्युनिस्टच होते, मग एवढी भांडणं कशाची? विचारणाऱ्याला बहुधा डावे कोण, उजवे कोण अशी यादी हवी असते. ती फारशी कामाची नाही, कारण तिथे ही विशेषणं जिंकलेल्यांनी हरलेल्यांना चिकटवली आहेत. पक्षाच्या अधिकृत लिखाणात चुकलेल्या माणसाचा ‘डावा’ अवतरणचिन्हांत छापतात, उजवा मात्र चिन्हांशिवाय. खरा डावा चुकूच शकत नाही ना!

सुरुवातीचा वाद क्रांती शहरातल्या कामगारांची की खेड्यातल्या शेतकऱ्यांची, हा. मॉस्कोच्या सल्ल्यानं कम्युनिस्ट क्वोमिन्तांग या राष्ट्रवादी पक्षात राहिले आणि 12 एप्रिल 1927 ला शांघायमध्ये त्याच पक्षाच्या चँग कै-शेक या सेनानीनं त्यांची कत्तल केली. खापर फुटलं कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस चेन तूशिऊ यांच्या माथी. त्यांनी स्टालिनचा विरोधक ट्रॉट्स्की याचं लिखाण वाचून दोष मॉस्कोचाच ठरवला, आणि 1929 मध्ये त्यांची हकालपट्टी झाली. मग पक्षाचे नवे नेते ली लीसान यांचा शहरं जिंकण्याचा हट्ट. जुलै 1930 मध्ये कम्युनिस्टांच्या लाल सैन्यानं हुनान प्रांताची राजधानी चांगशा घेतली, पण ती जेमतेम दहा दिवस ताब्यात राहिली.

पण भांडणाचं मर्म कळायचं तर बांधावरच जावं लागतं. मॉस्कोत शिकून आलेल्या वांग मिंग गटाचं जमीनवाटपाचं धोरण होतं: जमीनदाराला वाटणीत काहीच नाही, सधन शेतकऱ्याला निकस जमीन. पुढे पक्षाचा सर्वोच्च नेता झालेल्या माओचं म्हणणं, ज्याच्याकडे जास्त त्याची काढून कमी असलेल्याला द्या, कसदार काढून निकसवाल्याला द्या, म्हणजे जमीनदाराच्या घरालाही पोटापुरता तुकडा. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. गावात मात्र पहिल्या धोरणानं उपाशी राहिलेलं कुटुंब शत्रूच्या टोळीला जाऊन मिळतं.

आता सधन शेतकरी ओळखायचा कसा? 1933 मध्ये चिआंगशी प्रांतात कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या लाल प्रदेशात त्याचं मोजमाप ठरलं. घरातला निदान एक माणूस वर्षातले चार महिने शेतातलं मुख्य काम करत असेल, तर ते घर जमीनदाराचं नाही. नांगरणी, लावणी, कापणी ही मुख्य कामं. निंदणीला हात लावणं, भाजीपाला बघणं, गुरं राखणं धरायचं नाही. दुसरी रेघ सधन आणि मध्यम यांच्यातली: खंड, व्याज आणि गड्यांच्या श्रमातून मिळणारा हिस्सा एकूण उत्पन्नाच्या साधारण 15 टक्क्यांच्या आत असेल, तर मध्यम. 1948 मध्ये पक्षाचे एक वरिष्ठ नेते रेन बीशी यांनी ही रेघ 25 टक्क्यांवर नेली. शंभरातले वीस असे मिळवणारं घर 1933 मध्ये सहसा सधन ठरलं असतं, 1948 मध्ये मध्यम. घर तेच, शेत तेच.

रेघ सरकवावी का लागली? 10 ऑक्टोबर 1947 च्या, यादवी युद्धातल्या कम्युनिस्टांच्या जमीन कायद्यानं समान वाटप सांगितलं. ज्या गावात जमीनदारच एखाद-दुसरा, तिथे त्याची सगळी जमीन वाटली तरी गरिबांचं भागत नाही. मग हात मध्यम शेतकऱ्याच्या वावरात जातो, आणि सैन्यात मुलं पाठवणारं घर तेच असतं. हा कायदा करणाऱ्या परिषदेचे अध्यक्ष होते लिऊ शाओची, ज्यांना पुढे, 1966 नंतरच्या माओच्या सांस्कृतिक क्रांतीत, ‘भांडवली वाटेचा पहिल्या क्रमांकाचा वाटसरू’ ठरवण्यात आलं. डावे-उजवे शिक्के किती काळ टिकतात ते यावरून पाहा.

1949 मध्ये सत्ता हाती आल्यावर वाद उलटला: वाटलेली जमीन परत एकत्र कधी करायची? लिऊंचं मत, आधी कारखाने आणि यंत्रं, मग सामुदायिक शेती. माओचं उलट, आधी एकत्र या. 1955 मध्ये पक्षाचं ग्रामीण काम पाहणाऱ्या डेंग झिहुई यांनी घाईत उभ्या राहिलेल्या सहकारी संस्था कमी करायला घेतल्या, तर माओनं अशा साथीदारांना पाय बांधलेल्या बाईसारखं लुटूलुटू चालणारे म्हटलं. मग ‘मोठी झेप’ ही शेती आणि पोलादाचं उत्पादन एकदम वाढवण्याची माओची मोहीम आली आणि तिच्या पाठोपाठ दुष्काळ. 1962 मध्ये सात हजार कार्यकर्त्यांच्या बैठकीत लिऊंनी शेतकऱ्यांचे शब्द ऐकवले: तीन हिस्से अस्मानी, सात हिस्से माणसानं केलेलं. पुढे चीनचे सर्वोच्च नेते झालेल्या डेंग झियाओपिंगांचं मांजराचं प्रसिद्ध वाक्यही (रंग कुठलाही असो, उंदीर पकडतं ते मांजर चांगलं) त्याच वर्षीचं, आणि विषय होता घरटी शेती कसायला देण्याचा. बाजारपेठेशी ते नंतर जोडलं गेलं.

राहिला तो पंथ, ज्याला माओही पुरेसा डावा वाटला नाही. फेब्रुवारी 1967 मध्ये, सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, शांघायच्या बंडखोरांनी 1871 च्या पॅरिसच्या धर्तीवर कम्यून, म्हणजे कामगारांचं स्वतःचं शासन, जाहीर केलं. माओचा सवाल: सगळीकडे कम्यून झालं, तर पक्षाला ठेवायचं कुठे? काही आठवड्यांतच पाटी बदलून ‘क्रांतिकारी समिती’ झाली. जानेवारी 1968 मध्ये हुनानच्या यांग शीक्वांग या शाळकरी तरुणानं ‘चीन कुठे चालला?’ हा लेख लिहिला: पक्षाचे अधिकारी हाच नवा ‘लाल भांडवलदार’ वर्ग, त्यांची यंत्रणाच मोडा. त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. सुटल्यावर तो नाव बदलून अर्थशास्त्रज्ञ झाला, आणि खासगी मालमत्तेची बाजू मांडू लागला.