बर्न डेक, ५७ कार्डांची लिस्ट आणि एक फुकट गेलेला गेम: माझा अनुभव

आधीच सांगते, राग अजून पूर्ण गेलेला नाही, त्यामुळे सगळं क्रमाने येईलच असं नाही. मॅजिक द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाची मॉडर्न फॉरमॅटची (कुठली कार्डं चालतात ते फॉरमॅट ठरवतो) स्पर्धा होती, सात राउंड, प्रत्येक राउंड म्हणजे ५० मिनिटांची एक मॅच, आधी दोन गेम जिंकेल तो जिंकला, नियम कॉम्पिटिटिव्ह म्हणजे कडक पातळीचे, आणि मी माझा बर्न डेक, म्हणजे थेट समोरच्यालाच डॅमेज करून संपवणारा कार्डांचा संच, घेऊन गेले होते. सातपैकी सहा राउंडबद्दल मला फारसं काही सांगायचं नाहीये. चौथ्याबद्दल सांगायचंय, आणि त्या चौथ्या राउंडमध्ये जे झालं ते सकाळी, पहिल्या राउंडच्याही आधी, दहा मिनिटांत ठरून गेलं होतं.

बर्न का, हे आधी सांगते कारण जाण्यापूर्वी निदान पाच जणांनी मला डेक बदल म्हणून सांगितलं. जुना झालाय, सगळ्यांना कसा थांबवायचा ते माहीत आहे, यापेक्षा तगडे डेक आहेत वगैरे. असतील. पण माझं म्हणणं असं की ज्या डेकबरोबर तुम्ही शेकडो गेम खेळलात त्याचा पहिला सात कार्डांचा हात बघूनच तुम्हाला कळतं की हा ठेवायचा की परत शफल करायचा, आणि दिवसभराच्या स्पर्धेत सहाव्या राउंडला डोकं थकलेलं असताना हेच कामाला येतं. समोरच्याचं लाइफ २०, माझी बरीचशी कार्डं ३ डॅमेजची, म्हणजे सात कार्डं लागली की गेम संपला. आणि प्रत्यक्षात सातही लागत नाहीत, कारण मॉडर्नमध्ये समोरचा स्वतःच्या लँडसाठी (लँड म्हणजे मान, कार्डं खेळायची ताकद, देणारी कार्डं) स्वतःच लाइफ देत असतो, दुसरं लँड शोधून आणणारं फेच लँड फोडायला १ आणि शॉक लँड अनटॅप्ड, म्हणजे लगेच वापरता येईल असं, आणायला २, म्हणजे मी काही करायच्या आधीच तो २० वरून १७ वर आलेला असतो. लायटनिंग बोल्ट तर १९९३ च्या पहिल्या सेटपासूनचं कार्ड आहे, एका लाल मानात ३ डॅमेज, आणि आजही तेवढंच नेमकं आहे. गॉब्लिन गाइड २००९ च्या झेंडिकारमधलं, लाव्हा स्पाइक २००४ चं, लायटनिंग हेलिक्स २००५ चं. ही कार्डं हातात आली की मला बरं वाटतं, एवढं साधं कारण आहे.

आता त्या दहा मिनिटांबद्दल.

डेकमध्ये कुठली कार्डं किती आहेत याची लिस्ट आदल्या दिवशी ऑनलाइन भरायची होती. मी भरली, ६० कार्डं मेन, १५ साइडबोर्ड (दोन गेमच्या मध्ये बदलून घालता येणारी जादा कार्डं), दोनदा मोजली, मिळाल्याचा मेलही आला आणि त्या मेलमध्ये माझी अख्खी लिस्ट होती. सकाळी पोचले तर घोषणा झाली की लिस्टा सिस्टीममध्ये दिसत नाहीयेत, सगळ्यांनी कागदावर लिहून द्या, दहा मिनिटांत पेअरिंग, म्हणजे कोण कोणाशी खेळणार ते, लावतोय. सत्तरेक खेळाडू, फॉर्म वाटणारा एक माणूस, आणि ते फॉर्म घ्यायची रांगच पाच-सहा मिनिटांची. टेबलं अजून मांडायची चालली होती त्यामुळे लोक भिंतीला कागद लावून लिहीत होते, मीसुद्धा तसंच, एका हातात फोन, एका हातात मागून घेतलेलं पेन. फोनवर माझी लिस्ट क्रीचर, मग स्पेल, मग लँड अशी होती आणि बेसिक लँड सगळ्यात खाली, स्क्रीन वर सरकवल्याशिवाय न दिसणारी. क्रीचर १२ लिहिले. स्पेल २८ लिहिले. लँडमध्ये फेच, सेक्रेड फाउंड्री, इन्स्पायरिंग व्हँटेज, सनबेक्ड कॅन्यन असं सगळं उतरवलं, साइडबोर्ड लिहिला, खाली एकूणच्या चौकोनात ६० लिहिलं कारण डेक ६० चाच आहे हे मला माहीत होतं, आणि मागून कोणीतरी "झालं का, पेन द्या" म्हणत होतं. दिला कागद. तीन माउंटन, म्हणजे तीच सगळ्यात खालची बेसिक लँड, लिहायची राहिली.

तेव्हा कळलं नाही. पहिले तीन राउंड जिंकले, पटापट, एक तर वीस मिनिटांतच. दुसऱ्या राउंडमध्ये एक वॉर्निंग मिळाली ती मात्र सांगते कारण बर्नवाल्यांना उपयोगी आहे. गॉब्लिन गाइडने अटॅक केला की समोरचा आपलं वरचं कार्ड दाखवतो आणि ते लँड असेल तर त्याच्या हातात जातं, म्हणजे ट्रिगर (कार्डाचा आपोआप होणारा परिणाम) तुमचा पण फायदा त्याचा. स्वतःचं नुकसान करणारा ट्रिगर विसरलात तर वॉर्निंग मिळते. आयडोलॉन ऑफ द ग्रेट रेव्हलचंही तेच, टेबलावर असताना तुम्ही स्वतः तीन किंवा कमी किमतीचा स्पेल टाकलात की तुम्हालाही २ डॅमेज, ते स्वतःहून मोठ्याने बोलायचं आणि लिहायचं. आणि लाइफ कागदावरच लिहा, फाशावर नाही. टेबलाला धक्का लागला की फासा उलटतो आणि मग कोण १४ वर होतं यावर वाद होतो. कागदावर प्रत्येक आकडा खोडून पुढचा लिहिलेला असला की जजला मागे जाऊन बघता येतं.

चौथा राउंड. मी ३-०, समोरचाही ३-०. शफल करून आम्ही डेक एकमेकांसमोर ठेवले आणि त्याच क्षणी दोन जज आले, "डेक चेक" म्हणाले आणि दोघांचेही डेक घेऊन गेले. हे कोणाच्याही टेबलावर होऊ शकतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, डेक लिस्टशी ताडून बघतात आणि स्लीव्ह (कार्डांवरची प्लास्टिकची कव्हरं) बघतात. स्लीव्हची मला काळजीच नव्हती, नव्या होत्या. स्लीव्हमध्ये घालायच्या आधी कार्डं आणि स्लीव्ह दोन्ही शफल करून घ्या, म्हणजे समजा एका पाकिटातल्या काही स्लीव्हची कड वेगळी निघाली तरी त्या सगळ्या तुमच्या लँडवरच किंवा सगळ्या बोल्टवरच बसल्या असं होत नाही. तसं झालं तर ती मार्क्ड, म्हणजे पाठीवरूनच ओळखता येणारी, कार्डं धरली जातात आणि पॅटर्न दिसला तर शिक्षा वाढते.

बसून राहिलो. पाच मिनिटं. आठ मिनिटं. समोरचा शांत होता, त्याने विचारलंही की काही प्रॉब्लेम आहे का, मी म्हटलं नसावा. अकराव्या मिनिटाला जज आला, त्याचा डेक परत दिला आणि मला म्हणाला जरा बाजूला या. कागद दाखवला. लिस्टवर मेन डेक ५७, खाली लिहिलंय ६०, डेकमध्ये कार्डं ६०. डेकलिस्ट प्रॉब्लेम, गेम लॉस, म्हणजे न खेळताच एक गेम हरले.

माझे पायच गळाले. मी म्हटलं, डेक बरोबर आहे ना? हो, डेक बरोबर आहे, लिस्ट चूक आहे. मी म्हटलं, तीन माउंटन आहेत हो, बेसिक लँड आहेत, यात मी काय लपवणार? आणि मेल उघडून दाखवला, आदल्या दिवशीचा, त्यात "माउंटन ३" स्पष्ट. तो म्हणाला हे मला ठरवता येणार नाही, हवं तर हेड जजकडे अपील करा. तर हे लक्षात ठेवा, फ्लोअर जजचा निर्णय पटला नाही तर अपील करण्याचा तुम्हाला हक्क आहे, आवाज न चढवता "मला अपील करायचंय" एवढंच म्हणायचं, त्यासाठी कोणी शिक्षा करत नाही. मी केलं.

हेड जज दुसऱ्या टोकाला कुठल्यातरी कॉलवर होते. आणखी थांबले. मला या थांबण्याचा सगळ्यात जास्त त्रास झाला, आजूबाजूला सगळ्यांचे गेम सुरू, कार्डांचा आवाज, कोणीतरी जिंकून उठतंय, आणि मी ज्या कामासाठी महिनाभर सराव केला ते सोडून एका कागदाकडे बघत उभी. ते आले, शांतपणे ऐकलं, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. मग त्यांनी समजावलं की लिस्टमध्ये तीन जागा रिकाम्या राहिल्या तर खेळाडू त्या तीन जागी राउंडागणिक काहीही घालू शकतो आणि कोणालाही सिद्ध करता येणार नाही, म्हणून शिक्षा एवढी कडक आहे, हेतू वाईट होता असं कोणी म्हणत नाहीये. कार्डाचं नाव अर्धवट लिहिलं पण कुठलं ते उघड आहे, तर सोडून देता येतं. इथे ओळच नाही. मी मेल पुन्हा दाखवला. ते म्हणाले, आज सकाळपासून अधिकृत लिस्ट म्हणजे हा कागद.

नियम मला कळतो. नियमावर माझा राग नाही. लिस्टची जबाबदारी खेळाडूची, तेही मान्य. पण त्या दिवशी बरोबर लिस्ट त्यांच्याकडे आदल्या दिवशीच पोचलेली होती, बिघाड त्यांच्या सिस्टीमचा, आणि त्याची भरपाई म्हणून आम्हाला काय दिलं तर दहा मिनिटं आणि भिंत. पहिला राउंड वीस मिनिटं उशिरा सुरू केला असता तर काय बिघडलं असतं? तसंही पेअरिंग लागेपर्यंत अर्धा तास गेलाच! तो अर्धा तास आम्ही नुसते उभे होतो, कागद आधीच जमा झालेले. हे मला अजून पचत नाही. नंतर कळलं की माझ्यासारखे आणखी दोघे त्याच दिवशी लिस्टच्या चुकीत सापडले.

निर्णय कायम राहिला. त्यांनी माझ्या डेकप्रमाणे लिस्ट दुरुस्त केली, कागदावर त्यांच्या पेनाने "माउंटन ३" लिहिलं, आणि मी ०-१ ने मॅच सुरू केली. डेक चेकला जेवढा वेळ जातो तेवढा अधिक तीन मिनिटं वाढवून मिळतात, आम्हाला अपीलचाही वेळ धरून दिला. जज स्वतःहून लिहितात बहुतेक, पण तुम्ही विचारून घ्या.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, मलाही नव्हती. मॅचच्या आधीच गेम लॉस मिळाला तर जो पहिला गेम प्रत्यक्ष खेळला जातो त्यात दोघांनाही साइडबोर्ड वापरता येत नाही. बर्नसाठी ही चांगली बातमी आहे कारण बर्नला मारणारी कार्डं लोकांच्या साइडबोर्डात असतात. तो गेम मी जिंकले, हात अजून थरथरत होते तरी जिंकले, चौथ्या टर्नला त्याचं लाइफ ५ होतं आणि माझ्याकडे बोरोस चार्म आणि बोल्ट. ४ अधिक ३. त्या गेमचा मला अभिमान आहे.

पुढच्या गेमला त्याने पहिल्या हातातच लेलाइन ऑफ सँक्टिटी ठेवली, जी सुरुवातीच्या हातात असेल तर फुकट टेबलावर येते आणि मग मला त्याच्यावर स्पेलचा नेम धरताच येत नाही. हातात तीन लाव्हा स्पाइक आणि एक बोरोस चार्म. नुसते कागद झाले ते. साइडबोर्डमध्ये यासाठीच दोन वेअर-टेअर होती, एकही आलं नाही. गॉब्लिन गाइडने १३ पर्यंत आणला त्याला, पुढे नाही. मॅच गेली १-२. तो चांगला खेळला, त्याच्याविषयी तक्रार नाही, उलट मॅच संपल्यावर तो म्हणाला असं नको होतं व्हायला.

पाचवा जिंकले. सहावा लाइफ वाढवणाऱ्या डेकसमोर हरले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सातवा जिंकले. एकूण ५-२, जिंकल्याचे ३ गुण म्हणून १५, आणि टायब्रेकरवर अकरावी. आठव्या नंबरच्याचेही १५ च होते. चौथा राउंड जिंकले असते तर १८ गुण आणि टॉप आठ नक्की, हे मी किती वेळा मनात मोजलंय ते मलाच माहीत.

आता मी काय करते ते सांगते. लिस्टच्या छापील दोन प्रती डेक बॉक्समध्ये ठेवते, ऑनलाइन भरली असली तरी. हाताने लिहायची वेळ आलीच तर लँडपासून सुरुवात करते, आणि लँडमध्ये पहिली ओळ बेसिकची. एकूणचा आकडा डोक्यातून नाही लिहायचा, ओळींसमोरचे आकडे खरोखर बोट ठेवून बेरीज करायची, शेजारच्याला मोजायला द्यायची आणि त्याची आपण मोजायची, तोही त्याच घाईत असतो आणि खुशीने देतो. मागून कोणी पेन मागत असेल तर थांबू दे त्याला. पेन स्वतःची दोन न्या.

हां, आणि कागद द्यायच्या आधी त्याचा फोटो काढा, मी काढला नव्हता. काढला असता तर निदान पहिल्या तीन राउंडच्या मधल्या रिकाम्या वेळात एकदा तरी नजर गेली असती. चूक आपणहून आधी सांगितली तर काय झालं असतं हे मी त्या दिवशी हेड जजना विचारायचं राहून गेलं, पुढच्या वेळी स्पर्धा सुरू व्हायच्या आधी विचारणार आहे.

संयोजकांना मी सविस्तर लिहिलंय, मेलची प्रत जोडून. गेम परत मिळावा म्हणून नाही, पुढच्या वेळी सिस्टीम बंद पडली तर लिस्ट लिहायला टेबल आणि पुरेसा वेळ द्या एवढंच मागितलंय. अजून उत्तर नाही आलं.