आईचं रविवारचं इंजेक्शन

रविवारी सकाळी देवपूजा झाली की आई फ्रीजच्या दारातून सेमाग्लुटाइड या साखर आणि वजन कमी करणाऱ्या औषधाचं इंजेक्शनचं पेन काढते, चष्मा लावून डोसचं चक्र फिरवते, आकडा मला वाचायला लावते आणि मगच पोटावर टोचते. परवा तिने विचारलं, अगं एवढी औषधं गोळीत येतात मग हेच का टोचून घ्यायचं? उत्तर द्यायला बसले आणि तासभर बोलतच राहिले, म्हणून इथे लिहितेय.

आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला सांगतं, पण रक्तात साखर वाढलेली असेल तरच, त्यामुळे साखर एकदम खाली जायची भीती कमी. शिवाय पोट सावकाश रिकामं होतं आणि मेंदूला "पुरे आता" हा निरोप जातो. आईचं औषध याच हार्मोनसारखं काम करतं. आमची दोन भाकऱ्या खाणारी आई एकीवर थांबायला लागली ती यामुळेच, आणि सुरुवातीचे काही आठवडे तिला मळमळायचं तेही यामुळेच.

हे हार्मोन म्हणजे पेप्टाइड, अमिनो आम्लांची छोटी माळ. गिळलं तर पोटात डाळीतल्या प्रोटीनसारखं पचून जाणार, म्हणून सुई. पण खरी अडचण पुढेच होती, कारण रक्तात सोडलं तरी डीपीपी-४ नावाचं एन्झाइम त्याला तोडतं आणि साधारण दोन मिनिटांत निम्मं संपतं. दोन मिनिटं! याचं औषध करायचं कसं?

यातली एक वाट सापडली अमेरिकेच्या वाळवंटात. गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात संशोधक जॉन एंग यांना १९९२ च्या सुमारास एक्सेन्डिन-४ मिळालं, जीएलपी-१ सारखंच काम करणारं पण लवकर न तुटणारं. त्यावरून आलेलं एक्सेनाटाइड २००५ मध्ये मंजूर झालं, तेही दिवसातून दोनदा टोचायचं. सेमाग्लुटाइडची वाट वेगळी, त्यात माणसाच्याच हार्मोनच्या माळेतला आठव्या क्रमांकाचा मणी बदलला म्हणजे एन्झाइमला तिथे तोडता येत नाही, आणि एक फॅटी आम्लाची शेपटी जोडली जी रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनला धरून राहते. दोन मिनिटांचे सात दिवस झाले ते असे. मला तर हे वाचताना अंगावर काटा आला.

स्वेतलाना मोइसोव या शास्त्रज्ञ बाईंनी ऐंशीच्या दशकात जीएलपी-१ या हार्मोनचा नेमका कामाचा तुकडा ओळखला होता, पण बरीच वर्षं त्यांचं नाव मागेच राहिलं. २०२४ मध्ये याच विषयावर काम केलेल्या जोएल हॅबेनर आणि लोटे क्नुडसेन यांच्यासोबत त्यांना वैद्यकीय संशोधनातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला तेव्हा मला मनापासून बरं वाटलं.

आता सेमाग्लुटाइडची गोळीही आहे बरं का, पण उपाशीपोटी घोटभर पाण्यासोबत घ्यायची, अर्धा तास काही खायचं नाही आणि त्यातला जेमतेम टक्काभरच रक्तात पोचतो. हे ऐकून आई म्हणाली, म्हणजे सकाळचा चहा अर्धा तास थांबवायचा? नको, माझं टोचणंच बरं.

आणि हो, कुणाचं वजन उतरलं हे बघून परस्पर सुरू करू नका. घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला असेल किंवा स्वादुपिंडाला कधी सूज येऊन गेली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, आईच्या डॉक्टरांनी हेच दोन प्रश्न सगळ्यात आधी विचारले होते.