जुना मनुष्य आणि कॅम्पातला ओल्डमॅन

डिसेंबरच्या अखेरीस बेळगावच्या कॅम्पात रस्त्याच्या कडेला ओल्डमॅन विकायला मांडलेले असतात. जुन्या पँट-शर्टात गवत आणि कागद कोंबलेले असतात, तोंडावर काळ्या रंगाच्या मिशा आणि डोक्यावर टोपी असते. एकतीस तारखेला रात्री बारा वाजता गल्लोगल्ली हा म्हातारा पेटतो, पोरे शिट्ट्या मारतात आणि सरते वर्ष जळाले असे सर्वांनी मिळून ठरवलेले असते. परवा चर्चमधल्या भक्तीला, म्हणजे उपासनेला, जाताना नातवाच्या हट्टामुळे मीही तिथे थांबलो. असला म्हातारा पुरता जळायला दहा मिनिटेही लागत नाहीत. शेवटी उरते ती पट्ट्याची लोखंडी बक्कल.

त्याच रात्री पाळकसाहेबांनी बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय वाचायला घेतला, हा योगायोग असेल असे मला वाटत नाही. आमच्याकडे वर्षाखेरीच्या भक्तीत वचन आधी मराठीत आणि मग कन्नडमध्ये वाचतात. भाषेवरून या सीमाभागात जे काही होते ते त्या तासाभरात दाराबाहेर राहते, हे मला नेहमीच बरे वाटत आले आहे. पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे माणसाच्या जुन्या स्वभावासाठी ‘जुना मनुष्य’ असाच शब्द वापरतो. मात्र त्याला जाळा असे तो म्हणत नाही, तर अंगावरचा कपडा उतरवावा तसा तो काढून टाका आणि नवा धारण करा, असे सांगतो. कपडा रोज उतरवावा लागतो आणि रोज घालावाही लागतो. पुढच्याच ओळींत हा उपदेश एकदम घरगुती होतो: खोटे सोडा, शेजाऱ्याशी खरे बोला, आणि रागात असताना सूर्य मावळू देऊ नका.

माझ्या रागावर दोन वर्षांचे सूर्य मावळले होते. उपकारस्तुतीच्या सणाला लोक भाजी, नारळ, कोंबड्या अर्पण करतात आणि भक्तीनंतर त्यांचा लिलाव होतो. त्या लिलावाचा हिशेब बारा वर्षे माझ्याकडे होता. तो एका तरुण सभासदाकडे गेला, आणि तो हाती घेताना त्याने सर्वांसमक्ष जुन्या वहीतली एक बेरीज विचारली. त्या दिवसापासून मी मागच्या दाराशी बसू लागलो, प्रभुभोजन घेऊन लगेच बाहेर पडू लागलो आणि पुढे पुढे गुडघ्याचे निमित्त सांगून घरीच राहू लागलो. गुडघा दुखतो हे खरे आहे, पण जिने चढण्याइतका तो अजून शाबूत आहे.

बेळगावात लंडन मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८२० मध्ये काम सुरू केले आणि १९०४ मध्ये ते मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाकडे सोपवले. त्यामुळे आम्हा मेथडिस्ट घरांत नव्या वर्षाबरोबर कराराची भक्ती, म्हणजे देवाशी केलेला करार नव्याने मान्य करण्याची उपासना, येते. तिची सुरुवात काही जानेवारीत झालेली नव्हती. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने ११ ऑगस्ट १७५५ रोजी लंडनमधल्या स्पिटलफील्ड्सच्या फ्रेंच चर्चमध्ये ती घेतली, तेव्हा सुमारे अठराशे माणसे उभी राहून करारात सामील झाली. नववर्षाशी तिची गाठ नंतर पडली. त्या प्रार्थनेत माणूस देवाला म्हणतो की मी आता माझा राहिलेलो नाही. तुला हवे तर मला कामाला लाव, हवे तर बाजूला ठेव. ही प्रार्थना मी लहानपणापासून म्हणत आलो आहे आणि ‘कामाला लाव’ हे शब्द दर वर्षी मोठ्याने म्हणत आलो आहे. ‘बाजूला ठेव’ पाशी यंदा माझा आवाज फुटेना. देवाने नव्हे, माणसांनी मला बाजूला ठेवले, असा युक्तिवाद मी मनात दोन वर्षे घोळवला होता. पण प्रार्थनेत तशी पळवाट कुठेच नाही.

एक जानेवारीला दुपारी मी जुनी वही काढली आणि चष्मा पुसून ते पान पुन्हा मोजले. सात आणि आठ यांच्या बेरजेत हातचा एक घ्यायचा राहिला होता.

पाच वाजता डब्यात करंज्या घेऊन मी त्या तरुणाच्या घरी गेलो, कारण थंडीच्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि मला त्याच्या आधी पोहोचायचे होते. दार उघडून तो क्षणभर तसाच उभा राहिला आणि मग म्हणाला, “सलाम काका. आत या की.” त्याच्या बायकोने चहा ठेवला. मी वही पुढे केली आणि ती बेरीज दाखवली. ती त्याला आधीपासूनच माहीत होती आणि दहा रुपयांची तूट त्याने स्वतःच्या खिशातून भरली होती, हे मला तिथे कळले. तो फार काही बोलला नाही, मीही नाही. निघताना त्याने विचारले की यंदाच्या लिलावात कोंबड्यांची बोली मी पुकारणार का, कारण त्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही. हिशेबाचा विषय त्याने काढला नाही. मी हो म्हणालो आणि तो विषय मीही काढला नाही, जरी जिना उतरताना जिभेवर आला होता.